कसोटीचा उतार

(डोंगराच्या उतारावर चालवण्यासाठी एक खास सायकल असते. ती विकत घेण्यापूर्वी तिची परीक्षा कशी घ्यावी आणि ती परीक्षा ओळखीच्या वाटेवरच का घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

सराफाच्या दुकानात तुम्ही एक लहानसा काळा दगड पाहिला असेल. त्याला कसोटी म्हणतात. सराफ या दगडावर दागिना घासतो. दगडावर सोन्याची रेघ उमटते. शेजारीच तो माहितीच्या सोन्याची दुसरी रेघ ओढतो आणि दोन्ही रेघांचा रंग ताडून पाहतो. दगड तोच असतो, घासणारा हातही तोच असतो. बदलते ते फक्त सोने. म्हणूनच खरे काय आणि खोटे काय, हे सराफाला सांगता येते.

सायकलची परीक्षाही अशीच घ्यायची असते. तिथे कसोटीच्या दगडाचे काम रस्ता करतो.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. सकाळी कामगार, विद्यार्थी आणि दूधवाले सायकलींवरून जात आणि रस्ते घंट्यांच्या आवाजाने भरून जात. आज त्या रस्त्यांवर मोटारसायकली आणि स्कूटरच अधिक दिसतात. पण रविवारी पहाटे सिंहगड रस्त्यावर जाऊन पाहा. डोक्यावर हेल्मेट घातलेले सायकलस्वार खडकवासल्याच्या दिशेने जाताना दिसतील. कोणी धरणाच्या भिंतीपर्यंत जातो. कोणी डोणजे, गोळेवाडी करत सिंहगडाचा घाट चढतो. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. त्यामुळे चढताना छाती भरून येते आणि उतरताना ब्रेकवरची बोटे दुखू लागतात. 'स्वार' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतला 'सवार' तो हाच.

काही स्वारांना डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट अधिक आवडते. डोंगराच्या माथ्यावरून दगडधोंड्यांतून वेगाने खाली येणे हा त्यांचा खेळ. इंग्रजीत याला 'डाउनहिल' म्हणतात. आपण त्याला 'उताराची सायकल-शर्यत' म्हणू. हा खेळ दिसतो तेवढा सोपा नाही. त्यासाठी लागणारी सायकलही वेगळी असते.

या खेळाची सुरुवात अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जड आणि जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत भरवली. वाट तीन किलोमीटरपेक्षा थोडी अधिक लांब होती आणि तेवढ्यात ती सुमारे ४०० मीटर खाली उतरत होती. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत असे पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. म्हणून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले.

त्या तरुणांना ही वाट तोंडपाठ होती. कोणत्या वळणावर खडी आहे, कोणत्या जागी पाण्याने चर पडला आहे, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. प्रत्येक फेरीला किती वेळ लागला, याची ते नोंद ठेवत. त्यामुळे आपोआप एक गोष्ट घडली. सायकलीत केलेला बदल चांगला की वाईट, हे ती वाटच सांगू लागली. त्यांच्यापैकी जो ब्रीझ या स्वाराने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी फ्रेम तयार केली. पुढे अशा सायकली कारखान्यांत बनू लागल्या. १९९० मध्ये अमेरिकेतील डुरँगो येथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला स्थान मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या खेळाची आशियाई स्पर्धा केरळातील पोनमुडी येथे भरली होती.

आता उताराची सायकल कशी असते ते पाहू.

साध्या सायकलचा पुढचा चिमटा एकसंध असतो. चाकाखाली दगड आला की त्याचा धक्का सरळ हातांना बसतो. उताराच्या सायकलचा चिमटा मोटारसायकलसारखा दबतो आणि पुन्हा वर येतो. मागच्या चाकालाही असाच धक्काशोषक असतो. ही चाके सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वरखाली होऊ शकतात. याचा उपयोग केवळ आरामासाठी नसतो. चाक दगडावरून उडाले तर तेवढा वेळ ते जमिनीला टेकलेले नसते. हवेत असलेल्या चाकाने ना ब्रेक लागतो, ना वळता येते. धक्काशोषक चाकाला जमिनीशी धरून ठेवतो. हेच त्याचे खरे काम.

दुसरा फरक चिमट्याच्या कलाचा. साध्या सायकलपेक्षा या सायकलचा चिमटा पुढे जास्त झुकलेला असतो. त्यामुळे पुढचे चाक स्वारापासून दूर राहते. तीव्र उतारावर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती त्यामुळे कमी होते. सीट खाली असते, कारण उतारावर स्वार सीटवर बसत नाही. तो पायडलांवर उभा राहतो आणि अंग मागे नेतो. हँडल रुंद असते, टायर जाड असतात आणि त्यांवर मोठे खाचे असतात. सायकलचे वजन साधारण पंधरा ते सतरा किलो भरते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फरक ब्रेकचा. तो का महत्त्वाचा आहे, हे समजण्यासाठी एक सोपा हिशेब करू. स्वार आणि सायकल यांचे मिळून वजन ८० किलो आहे आणि ते १०० मीटर उंचीवरून खाली येत आहेत, असे समजा. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही स्थितिज ऊर्जा शिकता. ८० गुणिले ९.८ गुणिले १०० म्हणजे ७८,४०० ज्यूल. ही ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी. ब्रेक लावलाच नाही आणि हवेचा व वाटेचा अडथळाही नाही, असे मानले, तर खाली पोहोचताना वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाईल. तसे होत नाही, कारण बरीचशी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते आणि तिचा मोठा वाटा ब्रेकमध्ये तयार होतो. ७८,४०० ज्यूल उष्णतेने एक लीटर पाणी सुमारे १९ अंश सेल्सिअसने तापेल. एवढी उष्णता ब्रेकच्या छोट्याशा भागाला झेलावी लागली तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून या सायकलला लोखंडी तबकडीचे, तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक असतात. रिपॅकच्या उतारावर ग्रीस का जळत होते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

वेगाविषयी आणखी एक नियम ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला तर थांबण्यासाठी लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल ३ मीटरांत थांबत असेल, तर त्याच जागी ताशी ३६ किलोमीटर वेगाची सायकल थांबायला सुमारे १२ मीटर लागतील. बारा मीटर म्हणजे वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपलीकडे. त्या अंतरात एखादी म्हैस किंवा लहान मूल आले तर?

अशी सायकल महाग असते. दुकानात ती चकाकते. दुकानदार तिची स्तुती करतो. मित्र म्हणतात, "घेऊन टाक." दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली की ती फारच छान वाटते. पण सपाट रस्ता तिची परीक्षा घेऊ शकत नाही. पोहणाऱ्याची परीक्षा काठावर होत नाही, तसेच हे आहे.

मग तिला एखाद्या नव्या, अनोळखी डोंगरावर न्यावे का? तेही योग्य नाही. तिथे सायकल घसरली तर दोष सायकलचा की वाटेचा, हे कळणार नाही. वाटही नवी आणि सायकलही नवी असली, तर दोन्ही अज्ञात झाल्या. गणितात एकाच समीकरणात दोन अज्ञात संख्या आल्या, तर उत्तर निघत नाही. इथेही तसेच होते. म्हणून वाट ओळखीची हवी.

ही गोष्ट समजायला खडकवासल्याइतके चांगले ठिकाण नाही. इथे मुठा नदीवर धरण आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी इथेच आहे. आणि केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रही इथेच आहे. या संस्थेची सुरुवात १९१६ मध्ये झाली. इथले शास्त्रज्ञ नद्यांच्या, धरणांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती तयार करतात. प्रतिकृतीतून पाणी सोडतात आणि ते कुठे आदळते, कुठे माती उकरते, हे पाहतात. मग एक बदल करतात आणि पुन्हा पाणी सोडतात. एका वेळी एकच बदल, हा अशा प्रयोगांचा मूळ नियम. एकदम चार बदल केले तर फायदा कोणत्या बदलाने झाला, हे कळत नाही.

नवी वस्तू पहिल्यांदा पूर्ण भार झेलते, तो क्षण सर्वांत धोक्याचा असतो. खडकवासल्याने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. १९६१ च्या पावसाळ्यात वरच्या बाजूच्या पानशेत धरणाचे काम पुरे व्हायचे होते आणि त्यात पहिल्यांदाच पाणी साठत होते. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले. त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्यात मोठा पूर आला. धरण आणि सायकल यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण स्वाराच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा जीव त्या दोन ब्रेकांवरच असतो.

आता परीक्षेची रीत पाहू. अनुभवी स्वार ती साधारणपणे अशी घेतात.

प्रथम सपाट जागी सायकल तपासतात. चाके घट्ट आहेत का? स्पोक सैल नाहीत ना? हँडल मधोमध आहे का? दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर ती जागची हलते का? टायरमध्ये हवा किती आहे? मग स्वार सायकलवर उभा राहतो आणि त्याच्या वजनाने धक्काशोषक किती दबतो, हे मोजतो. मागचा धक्काशोषक साधारण तीस टक्के दबावा, असे मानतात. म्हणजे २०० मिलिमीटरांपैकी ६० मिलिमीटर. तो फार कडक असला तर दगडावरून चाक उडते. फार मऊ असला तर मोठ्या धक्क्याला तळाला आपटतो.

मग ते वाट पायी चालून पाहतात. 'ओळखीची वाट आहे, तिला काय पाहायचे?' असे म्हणणे चुकीचे आहे. या भागातले डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. हा दगड झिजून त्याचा मुरूम होतो. पावसाळ्यात वाट चिखलाची होते आणि दगडांवर शेवाळ धरते. हिवाळ्यात ती कोरडी आणि घट्ट असते. उन्हाळ्यात मुरूम सुटा होतो आणि त्यावरून चाक घसरते. एका रात्रीच्या पावसाने जिथे वाट होती तिथे चर पडतो. वाट तीच असते, पण तिचे रूप तेच नसते. ओळखीमुळे मनुष्य निष्काळजी होतो आणि अपघात तिथेच होतो.

त्यानंतर पहिली फेरी सावकाश घेतात. या फेरीत वेळ मोजत नाहीत. ब्रेक किती दाबल्यावर लागतो, याचा अंदाज बोटांना यावा लागतो. नव्या ब्रेकला जुन्या सवयीने जोरात दाबले तर पुढचे चाक जागीच थांबेल आणि स्वार हँडलवरून पुढे जाईल.

मग खऱ्या परीक्षेला सुरुवात होते. वाटेवरच्या चार जागा ठरवून ठेवतात. सरळ तीव्र उतारावर ब्रेकची परीक्षा होते. दगडगोट्यांच्या पट्ट्यात धक्काशोषकाची परीक्षा होते. मुरमाच्या वळणावर टायरची परीक्षा होते. आणि जिथे दगडाची पायरी उतरायची असते, तिथे सायकल आपल्या उंचीला आणि हातांना योग्य आहे की नाही, हे समजते. प्रत्येक फेरीनंतर स्वार वहीत नोंद करतो.

नवी सायकल आणि जुनी सायकल, दोन्ही एकाच दिवशी, एकाच स्वाराने चालवायच्या असतात. त्यांचा क्रमही विचार करून ठरवायचा असतो. एक उदाहरण घेऊ. समजा, पहिली फेरी जुन्या सायकलने २ मिनिटे १० सेकंदांत झाली. दुसरी फेरी नव्या सायकलने २ मिनिटे ६ सेकंदांत झाली. लगेच आपण म्हणू, "नवी सायकल चार सेकंदांनी पुढे!" पण थांबा. तिसरी फेरी पुन्हा नव्या सायकलने घेतली. वेळ लागला २ मिनिटे ३ सेकंद. चौथी फेरी जुन्या सायकलने घेतली. वेळ लागला २ मिनिटे २ सेकंद. आता सरासरी काढा. जुन्या सायकलची सरासरी २ मिनिटे ६ सेकंद येते. नव्या सायकलची सरासरी २ मिनिटे साडेचार सेकंद येते. फरक उरला दीड सेकंदाचा.

हे असे का झाले? प्रत्येक फेरीबरोबर स्वाराचे अंग मोकळे होत गेले आणि वाट त्याच्या ध्यानात बसत गेली. सायकलपेक्षा स्वारच सुधारत होता. जुन्या सायकलच्या स्वतःच्याच दोन फेऱ्यांत आठ सेकंदांचा फरक आहे. मग दीड सेकंदाच्या फरकाला किती महत्त्व द्यावे? घड्याळाने खोटे सांगितले नव्हते. आपणच त्याचा अर्थ घाईने लावत होतो.

अशा वेळी वहीतल्या दुसऱ्या नोंदी उपयोगी पडतात. खाली पोहोचल्यावर बोटे किती दुखत होती? शेवटच्या वळणावर ब्रेक पहिल्यासारखाच लागत होता, की सैल पडला होता? ठरवलेल्या झाडापाशी थांबायला किती अंतर लागले? वेळ सारखाच लागला, पण नवी सायकल कमी अंतरात थांबली आणि हात कमी थकले, तर ती निश्चितच चांगली. कारण थकलेला हात उशिरा ब्रेक लावतो.

शेवटी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. ही सायकल मला कशासाठी हवी आहे? उताराची सायकल उतारावर राजासारखी चालते, पण चढावर ती ओझे होते. वजन जास्त, सीट खाली आणि पायडल मारताना धक्काशोषक दबत राहतो. म्हणून अनेकदा ती हाताने ढकलत किंवा गाडीत घालून वर न्यावी लागते. रोज पाच किलोमीटर शाळेत जायचे असेल, तर साधी, हलकी सायकल तिच्यापेक्षा कितीतरी चांगली. महाग वस्तू चांगली असतेच असे नाही. आपल्या कामाला जी योग्य, तीच चांगली.

या खेळाचे काही नियम आहेत. तोंडासकट सगळे डोके झाकणारे हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांचे आणि कोपरांचे कवच यांशिवाय उतरायचे नाही. एकट्याने जायचे नाही. खाली वळणावर एक सोबती उभा करायचा. सिंहगडाच्या पायवाटेवर सुट्टीच्या दिवशी लहानमोठ्यांची गर्दी असते. अशा वाटेवर वेगाने सायकल नेणे हा खेळ नव्हे, तो गुन्हा आहे. संरक्षण खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचे नाही. जंगलात जाताना वनखात्याचे नियम पाळायचे. शेताच्या बांधावरून चाके न्यायची नाहीत. आणि चाक घसटत ब्रेक लावायचा नाही. तसे केल्याने वाटेवर चर पडतो, पावसाचे पाणी त्यात शिरते आणि पुढच्या वर्षी तिथे ओहोळ होतो. ज्या वाटेने आपल्याला शिकवले, ती वाट दुसऱ्यांसाठीही राहिली पाहिजे.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे अशी सायकल नसेल. पण परीक्षेची ही रीत सर्वांच्या उपयोगाची आहे. वडिलांची जुनी सायकल असो, नाही तर दुरुस्त करून आणलेली बहिणीची सायकल असो. शाळेच्या मैदानावर खडूने एक रेघ ओढा. ठरावीक वेगाने या, रेघेवर ब्रेक लावा आणि थांबेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर, त्याच रेघेपासून पुन्हा मोजा. अंतर वाढले असेल तर ब्रेकचे रबर झिजले आहे किंवा तार सैल झाली आहे, असा संशय घ्या आणि सायकल लगेच दुकानात न्या. हा शोध मैदानावर लागला तर त्याची किंमत थोडीशी दुरुस्ती एवढीच असते. तोच शोध उतारावर, समोरून बस येत असताना लागला, तर त्याची किंमत मोजता येत नाही.

स्वाध्याय

१. सराफ सोन्याची परीक्षा कशी घेतो? ओळखीच्या वाटेला कसोटीचा दगड का म्हटले आहे?
२. 'रिपॅक' हे नाव कसे पडले?
३. धक्काशोषकाचे खरे काम कोणते?
४. पाठातील चार फेऱ्यांच्या वेळा एका तक्त्यात लिहा. दुसऱ्या फेरीनंतरच निर्णय घेतला असता तर कोणती चूक झाली असती?
५. 'ओळखीमुळे मनुष्य निष्काळजी होतो.' या विधानाचा तुमच्या रोजच्या जीवनातील एक अनुभव पाच ओळींत लिहा.
६. स्वार, वजन, जमीन, अंदाज, हिशेब हे शब्द उर्दूत कसे म्हणतात? पाठातील असे आणखी पाच शब्द शोधा.